शाल-श्रीफळ मिळालेलं परहेज

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बाईचा हात सुजू शकतो, असं मी कोणाला सांगितलं की समोरचा माणूस विचारतो, "हात काहून? ऑपरेशन तर..." आणि पुढं हवेत बोटं फिरवतो. शब्द येत नाही. प्राध्यापकाला येत नाही, बँकेच्या मॅनेजरला येत नाही. आमच्या रुग्णालयाच्या एका विश्वस्तांना तर माइकसमोर उभं राहूनही येत नाही. ते "तो भाग" म्हणतात. बाईच्या शरीरात आपल्याकडे नुसते भागच असतात. हा भाग, तो भाग, खालचा भाग. शेताच्या सातबाऱ्यावरसुद्धा यापेक्षा जास्त तपशील असतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वय त्रेपन्न. सत्तावीस वर्षं हे काम करते आहे, त्यातली एकोणीस नागपुरातल्या एका कॅन्सर रुग्णालयात. तिथल्याच नंदनवन वस्तीत घर आहे, नवरा आहे, सासरे आहेत, दोन मुली आहेत. मला आकडे लागतात. घरी कुकरच्या शिट्ट्या मी बोटांवर मोजते आणि त्यावरून माझी चेष्टा होते. कामावर मात्र या सवयीचा उपयोग होतो, कारण माझं मुख्य हत्यार शिंप्याकडे असते तसलीच मोजपट्टी आहे.

काम थोडक्यात सांगते. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये बरेचदा काखेतल्या गाठीही काढतात. हातातलं जास्तीचं पाणी वाहून नेणारी वाट तिथूनच जाते. वाट बुजली की पाणी हातात साचतं, हात जड होतो, बांगडी निघत नाही, ब्लाऊजची बाही चढत नाही. म्हणून दोन्ही हात मनगटाशी, कोपराच्या खाली आणि कोपराच्या वर मोजायचे. दोघांत दोन सेंटिमीटरहून जास्त फरक दिसला की मी सावध होते. मग पट्ट्या बांधायच्या, भिंतीवर बोटं चढवत नेण्याचा व्यायाम शिकवायचा आणि एक अगदी हलका मसाज करायचा. चमत्कार काही नाही. चिकाटी लागते.

हे सगळं करायला ब्लाऊज काढावा लागतो, म्हणून माझ्या खोलीत पडदा आहे. पडद्याच्या आत नातेवाईक येणार नाहीत, हा माझा नियम. हा नियम किती मोठा आहे ते बाहेर बसल्याशिवाय कळत नाही. डॉक्टरांच्या खोलीत बाई कधी एकटी जात नाही. बरोबर नवरा असतो, सासू असते, दीर असतो आणि कधी कधी दिराचा एक मित्रही असतो, कारण "त्याले हॉस्पिटलचं समजते". डॉक्टर त्या चौघांशी बोलतात. बाई स्टुलावर बसून भिंतीवरचं कॅलेंडर वाचते. आजार तिचा, बैठक इतरांची.

माझ्याकडे ती एकटी असते. हात माझ्या हातात असतो. माझी नजर मोजपट्टीवर असते, तिच्या चेहऱ्यावर नसते. त्यामुळे असेल, पण इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या की खालच्या आवाजात तो प्रश्न येतो. "मॅडम, मालक जवळ आले की लय दुखते. हे असंच राहणार का?"

केमोथेरपीमध्ये केस जातील, उलट्या होतील, तोंड येईल, हे सगळं तिला आधी सांगितलेलं असतं. पाळी बंद पडू शकते, मग आतली त्वचा कोरडी आणि पातळ होते, संबंध दुखतो, इच्छाच मरते, हे कोणी सांगितलेलं नसतं. मी या विषयाची तज्ज्ञ नाही, आणि हे मला कॉलेजातही कोणी शिकवलं नाही. पण प्रश्न माझ्याकडेच येत राहिले, म्हणून मी विचारून, वाचून घेतलं. ज्यांना कोणी सांगितलं नसेल त्यांच्यासाठी इथं साध्या शब्दांत लिहिते. दिवाळी अंकाच्या वाचकांना अवघडल्यासारखं होईल याची मला कल्पना आहे. व्हावं.

कोरडेपणासाठी हार्मोन नसलेलं मॉइश्चरायझर मिळतं, ते नेमानं लावायचं असतं. प्रत्यक्ष वेळेला पाण्याचं जेल वापरायचं. निरोध वापरत असाल तर तेल किंवा व्हॅसलीन लावायचं नाही, त्यानं तो फाटतो. हार्मोनची क्रीम कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. पाळी बंद झाली तरी दिवस जाऊ शकतात. म्हणून निरोध किंवा तांबी वापरायची, संततिनियमनाच्या हार्मोनच्या गोळ्या नाहीत. दुखतं त्याला व्यायामही आहेत. आणि संबंध ठेवल्यानं कॅन्सर वाढत नाही, परत येत नाही, नवऱ्याला लागत नाही. संपलं. एवढं सांगायला एका चहाचा वेळ लागतो. एवढं न सांगण्यासाठी आमच्या क्षेत्रातली भलीभली माणसं जन्मभर झटतात.

त्यातही वयाची एक अदृश्य रेघ असते. गांधीबागेतल्या एका कापड व्यापाऱ्यांच्या पत्नी माझ्याकडे यायच्या, वय सहासष्ट. काढलेल्या स्तनाच्या जागी घालायला त्यांनी घरीच मऊ कापडाची पिशवी शिवली होती आणि तीत मोहरी भरली होती. वजन दोन्ही बाजूंना सारखं हवं म्हणून त्यांनी ती पिशवी तराजूवर तोलून पाहिली होती. "डावीकडे मोहरी, उजवीकडे मी," असं त्या स्वतःच सांगायच्या आणि पोट धरून हसायच्या. एकदा त्यांनी मला सरळ विचारलं, "बाई, आमचं अजून चालू होतं. आता बंद करायचं का? डॉक्टरले विचारलं तर म्हणे, आता नातवंडं खेळवा, देवाचं नाव घ्या. देवाचं तर मी आधीपासून घेऊन राहिली!"

मी त्यांना बंद करायचं कारण नाही असं सांगितलं. त्या निघताना म्हणाल्या, "बरं झालं. म्हातारा उगाच गीता वाचायले लागला होता."

त्यांना जीभ होती. बहुतेकींना नसते. ज्योत्स्नाला नव्हती, आणि तिचीच गोष्ट मला सांगायची आहे. नावं बदलली आहेत. लिहायला तिची परवानगी आहे. "लिहा, पण माहा हात चांगला मोजून लिहा," असं ती म्हणाली.

ज्योत्स्ना नागपूरजवळच्या कन्हानची. वय एक्केचाळीस. नवरा किशोर कोळशाच्या खाणीत इलेक्ट्रिशियन. मुलगी पुण्याला शिकायला. घरात सासू. उजव्या बाजूचं ऑपरेशन, मग केमो, मग हार्मोनची गोळी. तिचा कॅन्सर शरीरातल्या हार्मोनवर पोसला जाणारा होता, आणि ही गोळी त्याचं ते पोषण तोडते. गोळी रोज एक, आणि घ्यायची काही वर्षं. मधेच सोडली तर आजार परत येण्याचा धोका वाढतो. या गोळीनं अंगातून गरम वाफा निघतात. ज्योत्स्ना पंख्याखाली बसूनही पदरानं वारा घ्यायची. ऑपरेशननंतर वर्षभरानं तिचा हात सुजला तेव्हा ती माझ्याकडे यायला लागली. बरोबर सासू यायच्या, बाहेर बाकावर डबा आणि पाण्याची बाटली घेऊन बसायच्या. किशोर सुट्टी असली की यायचा. उंच, अबोल माणूस. पडद्याकडे पाठ करून उभा राहायचा.

ऑक्टोबरात आमच्याकडे स्तनाच्या कॅन्सरचा जागृती कार्यक्रम असतो. गुलाबी फुगे, गुलाबी फेटे, पाहुण्यांना गुलाबी उपरणं. बऱ्या झालेल्या बायकांना वीरांगना म्हणतात आणि नागपूरच्या ऑक्टोबरच्या उन्हात त्यांना तासभर अंगणात उभं करून फुगे सोडायला लावतात. केमोनंतर ज्यांना उभंही राहवत नाही त्यासुद्धा दोरी धरून उभ्या असतात, कारण फोटो काढायचा असतो. दरवर्षी कोणी तरी एक वक्ता 'बाईचं खरं सौंदर्य मनात असतं' असं सांगतो. त्याच्या बायकोला हे तो सांगत असेल का, असा प्रश्न मला दरवर्षी पडतो.

त्या वर्षी आयोजकांना आणखी एक कल्पना सुचली. आजारपणात पत्नीला साथ देणाऱ्या एका पतीचा सत्कार करायचा. आदर्श पती. पतीनं बायकोला दवाखान्यात नेणं ही आपल्याकडे शाल-श्रीफळाची गोष्ट आहे. उलट झालं असतं, म्हणजे बायकोनं नवऱ्याला नेलं असतं, तर सत्कार करता करता शाली संपल्या असत्या. निवड झाली किशोरची. डॉक्टरांकडची एकही तपासणी तो चुकवत नसे, रजा टाकून यायचा, हे खरंच होतं.

फुगे सोडून झाल्यावर सभागृहात त्याला बोलायला सांगितलं. तो "धन्यवाद" म्हणाला आणि घामाघूम होऊन बाजूला झाला. तेव्हा पहिल्या रांगेतून त्याची आई उठली आणि तिनं माइक हातात घेतला.

"माहा पोरगा काही बोलणार नाही. मी सांगते. डॉक्टरसाहेबानं परहेज सांगितलं होतं. ह्या पोरानं दोन वर्षं झाले, बायकोच्या खोलीत पाय नाही टाकला. मी तिच्याजवळ झोपते, हा बाहेर झोपते. एवढं परहेज आजकाल कोणता माणूस पाळते जी, सांगा!"

मग कोणी तरी टाळी वाजवली आणि सगळं सभागृह कडाडलं. विश्वस्तांनी किशोरच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला आणि डोळे टिपले. व्यासपीठावर तीन डॉक्टर बसले होते. तिघंही टाळ्या वाजवत होते. नवरा-बायकोनं वेगळं झोपायचं असतं असं वैद्यकातल्या कुठल्या पुस्तकात लिहिलं आहे, हे त्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. ज्योत्स्ना दुसऱ्या रांगेत बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती. पट्ट्या बांधलेला हात नीट वर येत नव्हता, म्हणून एकाच हातानं दुसऱ्यावर.

पुढच्या आठवड्यात ती मोजायला आली. मी मनगटाशी पट्टी लावली.

"पाहिला ना मॅडम, आमचा सत्कार?"

"पाहिला."

"शाल चांगली आहे. यांच्या आईनं कपाटात ठेवली. मी म्हटलं, ठेवता कायले, मले द्या. दोन वर्षं अंगाले कोणी हात नाही लावला, शालीनं तरी लावावा."

ती हसली. मी हसले नाही. मी पट्टी कोपराच्या वर सरकवली आणि माझ्या लक्षात आलं की ती पदरानं वारा घेत नव्हती. खोलीतला पंखा त्या दिवशी बंद होता, मला स्वतःला घाम आला होता आणि ती कोरडी बसली होती.

"वाफा कमी झाल्या का?"

"बंदच झाल्या."

"ज्योत्स्ना, गोळी घेते आहेस ना?"

तिनं कॅलेंडरकडे पाहिलं. माझ्या खोलीत कॅलेंडर नाही, तिथं नुसती भिंत आहे. तरी तिनं पाहिलं.

"सोडली."

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मीच सोडली. पावसाळ्यातच."

मग तिनं सगळं सांगितलं, आणि ते मी क्रमानं लावून इथं देते. केमो संपल्यावर एकदा किशोर तिच्याजवळ आला होता. आत सगळं कोरडं पडलं होतं, हे दोघांनाही माहीत नव्हतं. ती वेदनेनं ओरडली. घर खाणीच्या कॉलनीतलं, भिंती पातळ. सकाळी सासूबाईंनी काही न विचारता मुलाची गादी बाहेरच्या खोलीत टाकली आणि स्वतःची सुनेजवळ. "डॉक्टरनं आराम सांगितला आहे," एवढंच म्हणाल्या. किशोर काही बोलला नाही. तो बोलला नाही, याचा अर्थ ज्योत्स्नानं असा लावला की त्याला आपली किळस आली.

"अन् त्यात ही गोळी. घाम फुटते, चिडचिड होते, वाळल्यासारखं वाटते. अशा बाईजवळ कोण येईल, मॅडम? मी म्हटलं, गोळी सोडून पाहू. पहिल्यासारखी झाली तर येतील."

"आणि कॅन्सर पहिल्यासारखा झाला तर?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"त्याला विचारलंस का कधी?"

"काय विचारू? बाईच्या जातीनं असं विचारतात का?"

"गोळी आजपासून सुरू करायची. आत्ता डॉक्टरांना भेटायचं."

"घेईन ना," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "पण त्या खोलीत आईजवळ झोपून पाच वर्षं वाळतच बसायचं असेल तर कायले घेऊ? कायच्यासाठी जगून राहिली मी, सत्कारासाठी?"

तिला गोळी गिळायला लावणं माझ्या हातात नव्हतं. ती हो म्हणून घरी गेली असती आणि गोळी खिडकीतून फेकली असती. तिला परत जगावंसं वाटेल असं कन्हानच्या त्या घरात काही तरी बदलायला हवं होतं.

मी आमच्या सर्जनकडे गेले. हात सोन्याचा आहे त्यांचा. टाके असे घालतात की वर्षभरानं शोधावे लागतात. पण 'संबंध' हा शब्द आला की ते कॉम्प्युटरचा माऊस हलवायला लागतात.

"मॅडम, हा लेडीज विषय आहे. तुम्हीच समजावा ना."

"सर, परहेज तुमच्या नावावर चालू आहे."

"माझ्या? मी असं कधी सांगितलं?"

"ऑपरेशननंतर घरी सोडलं त्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, परहेज काय? तुम्ही म्हणालात, आराम करू द्या, जपा तिला."

"ते तर मी सगळ्यांनाच म्हणतो!"

"म्हणूनच आले."

इथं थोडं समजावून सांगायला हवं. पथ्याला आमच्याकडे परहेज म्हणतात, आणि परहेज न सांगणाऱ्या डॉक्टरवर कोणाचा विश्वास बसत नाही. काहीच वर्ज्य नाही असं सांगितलं तर लोकांना वाटतं, डॉक्टरांना आजार समजलेलाच नाही. मग डॉक्टर काही तरी गुळमुळीत बोलतात आणि उरलेलं परहेज घरचे तयार करतात. सासूबाईंनी वांगं बंद केलं, दही बंद केलं, थंड पाणी बंद केलं, आणि त्याच ओघात नवराही बंद केला. वांग्याला जेवढा विचार लागला तेवढाच नवऱ्याला लागला.

किशोर त्या दिवशी बरोबर होता. सर्जननी नवरा-बायको दोघांना आत बोलावलं. मी सासूबाईंना बाहेरच थांबवलं. सर्जननी तीन वाक्यं सांगितली. संबंधानं कॅन्सर वाढत नाही. गोळी आजपासून परत सुरू, मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही. दुखतं त्यासाठी आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम आहेत, त्यांना आजच दाखवा. तिन्ही वाक्यं त्यांनी स्क्रीनकडे बघून सांगितली, पण सांगितली. दोन वर्षं अडकलेली गोष्ट एका मिनिटात उरकली. त्यांच्या फीमध्ये हे मिनिट आधीच धरलेलं नव्हतं का, हे मी विचारलं नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडून औषध लिहून घेऊन दोघं माझ्या खोलीत आले. किशोर दारातच उभा होता. गोळी सोडल्याचं त्याला तेव्हाच, सर्जनच्या तोंडून कळलं होतं.

"मॅडम, मले तर खाणीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं सांगितलं होतं, हा हार्मोनचा कॅन्सर आहे म्हणून. म्हणे नवरा-बायकोचं ते बंद, नाही तर भडकते. मले वाटलं मी हिच्यासाठीच करून राहिलो."

"तुम्ही मले विचारलं काहून नाही?" ज्योत्स्ना म्हणाली.

"काय विचारू? तू ओरडली होती त्या दिवशी."

"दुखलं म्हणून ओरडली. तुम्ही पळाले."

"पळालो नाही वं. भ्यालो."

"अन् सत्कार घेतला!"

"मले काय माहीत आई माइक घेईन?"

"शाल तर घेतली ना, दोन्ही हातानं!"

तो कपाळाला हात लावून उभा राहिला. खाणीत शेकडो माणसांच्या डोक्यावर दिवे जळत राहावेत म्हणून जपणारा हा माणूस. त्याला एक वायर कुठून कुठं जाते हे विचारल्याशिवाय हात लावायचा नसतो हे पक्कं माहीत होतं, आणि बायकोच्या शरीराबद्दल त्यानं कंपाउंडरचं ऐकलं होतं. मला राग यायला हवा होता. आलाही. पण तो राग एकट्या किशोरवर काढून काय उपयोग होता?

गोळी सुरू झाली. पण पुढच्या आठवड्यात ज्योत्स्नानं सांगितलं, तो आत झोपायला आला आणि पलंगाच्या काठावर रात्रभर ताठ पडून राहिला. सासूबाई बाहेरच्या खोलीत खोकत राहिल्या. "मॅडम, यांनी ऑपरेशनची जागा पाहिलीच नाही अजून. मी ब्लाऊज काढते ते बाथरूममध्ये. अन् ते तिकडं तोंड करून बसतात." थोड्या वेळानं म्हणाली, "असंच राहिलं तर मी परत सोडीन. आधी सांगून ठेवते."

ती धमकी नव्हती. ती हिशेब सांगत होती, आणि मला हिशेब कळतो.

हात सुजलेल्या बाईला तो हलका मसाज घरी रोज लागतो. तो घरातल्या कोणाला तरी शिकवावा लागतो, आणि पडद्याच्या माझ्या नियमाला तेवढा एकच अपवाद आहे. आजवर मी तो सासूला, नणंदेला, बहिणीला शिकवत आले होते, कारण सगळीकडे तसंच करतात. ज्योत्स्नाच्या सासूबाई तो पाय चेपल्यासारखा करायच्या, जोर लावून, आणि त्यानं सूज कमी होण्याऐवजी हात लाल व्हायचा. त्या आठवड्यातही उजवा हात कोपराच्या वर साडेतीन सेंटिमीटर जास्त भरला होता. किशोरही आला होता. मी बाहेर जाऊन सासूबाईंना सांगितलं, "आजी, आता मसाज किशोर शिकेल. त्याला आत पाठवा."

"बाप्या माणूस पडद्याच्या आत? काय बोलून राहिल्या मॅडम!"

"बायको त्याचीच आहे, आजी."

"अहो, पण डॉक्टरसाहेब..."

"डॉक्टरसाहेबांनीच सांगितलं आहे." हे पूर्ण खरं नव्हतं. पण आमच्याकडे एखादी गोष्ट डॉक्टरांच्या नावावर गेली की तिला पाय फुटतात, आणि दोन वर्षं त्या नावावर खोटं चाललं होतं. एक दिवस अर्धं खरं चालायला हरकत नव्हती.

किशोर आत आला. ज्योत्स्ना पलंगावर टेकून बसली होती, अंगावर चादर. मी त्याला मसाज समजावून सांगितला. सुरुवात सुजलेल्या हातापासून करायची नाही. आधी मानेजवळ, मग चांगल्या बाजूची काख, मग छातीवरून आडवं, आणि हात शेवटी. पुढची वाट मोकळी केल्याशिवाय मागचं पाणी सोडायचं नाही. त्यानं लगेच मान हलवली. "पंपाचं असंच असते. आधी पुढचा व्हॉल्व्ह." मसाज शिकताना इतक्या लवकर कोणाला समजलेलं मी पाहिलं नव्हतं.

"आणि जोर द्यायचा नाही. नुसती कातडी सरकली पाहिजे. चला."

मी चादर खाली केली. त्यानं पाहिलं. त्याचा चेहरा मी इथं रंगवणार नाही. त्यानं पाहिलं आणि नजर हटवली नाही, एवढं पुरेसं आहे. ज्योत्स्ना भिंतीकडे बघत होती. त्यानं बोटांची टोकं पुढं केली, टेकवली आणि झटकन मागं घेतली. परत टेकवली.

"लावा ना," ती भिंतीकडे बघतच म्हणाली. "करंट नाही लागत."

मला हसू आलं. त्यालाही आलं. त्यानं तळहात पूर्ण टेकवला. मी त्याचा वेग सांगत होते, दिशा सांगत होते. मानेवरून झालं, काखेजवळ झालं. छातीवर, व्रणाच्या बाजूला आल्यावर त्याचा हात थांबला.

"इथं समजते का?"

"नाही. तिथं बधिर आहे."

"दुखत तर नाही?"

"नाही."

त्यानं हात बोटभर वर सरकवला. "इथं?"

"जरासं."

आणखी बोटभर. "इथं?"

मग तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तिथंच राहू द्या."

मी त्यांच्या बाजूला मोजपट्टी ठेवली आणि बाहेर आले. पडदा ओढून घेतला. सासूबाई बाकावर बसल्या होत्या, मांडीवर डबा, शेजारी बाटली.

"झालं?"

"नाही."

"किती वेळ लागते?"

"लागेल, आजी."

त्या काही तरी पुटपुटल्या. कन्हानची बस, ऊन, घरचं काम. मी ऐकून घेतलं. आतून बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा ज्योत्स्ना हसली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या भिंतीवरचा रंग बघत राहिले.

मग आतून ज्योत्स्नाचा आवाज आला, नेहमीच्या, घरातल्या बाईच्या आवाजात. "अहो, माह्या पिशवीत गोळी आहे, सकाळची राहिली घ्यायची. द्या जरा. अन् पाणी पाहा कुठं आहे."

"पाणी माह्याजवळ आहे," असं म्हणत सासूबाई बाटली घेऊन उठल्या.

मी ती बाटली त्यांच्या हातातून घेतली, पडद्याच्या फटीतून नुसता हात आत घालून दिली आणि परत येऊन बाकावर बसले. या वेळी त्यांच्या आणि पडद्याच्या मधे.

"डबा उघडा आजी," मी म्हटलं. "आपण दोघी जेवून घेऊ."